चाक थांबलं की बाद

सिंधीपुऱ्याच्या गल्लीत वामन मास्तरला एका मुलीनं हाक मारली. खरं म्हणजे ती हाक त्याला नव्हती, त्याच्या वजनाला होती. पण हे त्याला कळेपर्यंत तो जीपमध्ये बसलेला होता.

झालं असं. सन पंचावन्नचा डिसेंबर, नाताळची सुट्टी लागलेली, शनिवारची सकाळ. वामन आपल्या गोदाबाई आत्यासाठी दराब्याची मिठाई घेऊन घरी निघाला होता. गल्लीच्या वळणावर एक जीप तिरकी अडकली होती आणि तिचं मागचं चाक गटारात जागच्या जागी गरगर फिरत होतं. शेजारची भिंत नुकतीच चुन्यानं रंगवलेली. तिच्यावर आता काळ्या चिखलाची नक्षी उमटत होती, आणि घरमालक दारात उभा राहून ती नक्षी पुरी व्हायची वाट बघत होता.

जीप अमेरिकन पलटणीची, त्यामुळे स्टिअरिंग डाव्या हाताला. त्या स्टिअरिंगमागे बापाचा लष्करी कोट घालून, डोक्याला मफलर गुंडाळून एक मुलगी बसली होती.

“अहो, जरा मागे बसता का?” ती म्हणाली.

वामननं मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

“तुम्हीच. इकडे, चाकाच्या वर. जल्दी.”

आता वामनला आजवर कुणी कुठं बसायला बोलावलं, तर आधी खुर्चीकडे बघून. आईबापांनी नाव ठेवलं वामन, पण देवानं ते नाव वाचलंच नव्हतं. आत्याच्या हातचं खाऊन तो तिन्ही लोक व्यापायच्या बेतात आला होता. तीन ठिकाणी मुली बघून झाल्या होत्या. तिन्ही घरांत तो दारातून आत येता येताच मुलीनं नकार ठरवलेला. आत यायला त्याला जरा वेळ लागे, तेवढ्यात समोरच्याचा विचार पुरा होई.

तर वामन चाकावरच्या पत्र्यावर बसला. जीपनं एक मोठा सुस्कारा सोडला. चाकानं जमीन धरली, आणि गाडी गटारातून अशी वर आली की घरमालकानं हात जोडले.

मुलीनं मान वळवून वामनकडे बघितलं. जिनिंगवाला कापसाच्या पहिल्या गाठीकडे बघतो ना, तसं. वरपासून खालपर्यंत, आदरानं.

“वा,” ती म्हणाली.

नुसतं एवढंच. पण वामनच्या अंगाला आजवर कुणी ‘वा’ म्हटलं नव्हतं. त्याच्या कानात ते एक अक्षर देवळातल्या घंटेसारखं बराच वेळ घुमत राहिलं. ते थांबलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गल्ली मागे राहिली आहे, आत्याचं घरही मागे राहिलं आहे, आणि जीप तापीकडे चालली आहे.

“मला... तिकडं उतरायचं होतं,” तो म्हणाला.

“थांबवली तर ही पुन्हा लवकर सुरू होत नाही,” ती म्हणाली. “मी उषा. सुभेदारांची. तुम्ही?”

“वामन. गणित शिकवतो.”

“मास्तर, उड्या मारता येतात?”

वामननं खूप विचार करून सांगितलं की आजवर कधी वेळ आली नाही.

“आज येईल,” उषा म्हणाली, आणि पुढच्या खड्ड्यात ती वेळ आली.

*

त्या वर्षी बऱ्हाणपुरात जीपवाल्यांचा एक क्लब निघाला होता. लढाई संपल्यावर पलटणीनं आपल्या जुन्या गाड्या विकायला काढल्या, त्यातल्या काही इकडे आल्या. मालकांपैकी कुणाला केळी वाहायची होती, कुणाला नुसता हॉर्न वाजवायचा होता. पण प्रभाकरराव वकिलांनी खंडवा स्टेशनवर गाडीची वाट बघताना एका विलायती मासिकात वाचलं, की साहेब लोक रविवारी मोटारी घेऊन चिखलात जातात, डोंगरावर चढतात आणि काही काम नसताना परत येतात. वकीलसाहेब थक्क झाले. काही काम नसताना. त्यांनी परत येताच क्लब काढला आणि स्वतःच अध्यक्ष झाले.

क्लबचा फलक लाल कापडावर होता, पण मधे एक हात जागा कोरी होती. ‘अखिल’ आणि ‘जीप क्लब’ यांच्या मधे काय लिहायचं ते ठरत नव्हतं. राज्यांची नवी वाटणी व्हायची होती. बऱ्हाणपूर नागपूरच्या राज्यातच राहणार, भोपाळला जाणार की मुंबईकडे, यावर चहाच्या प्रत्येक टपरीवर रोज नवा निकाल लागे. वकीलसाहेब म्हणाले, राज्य ठरलं की लिहू. तोवर आपण कुठलेच नाही, म्हणून अखिल.

स्पर्धेचे नियम मात्र पक्के होते. वाटेत ठिकठिकाणी दोन-दोन खांब रोवायचे, गाडीनं त्यांच्या मधून जायचं. घाई नाही, वेळ कुणी मोजणार नाही. पण वाटेत कुठंही चाक थांबलं की बाद. आणि प्रत्येक गाडीत मागे एक माणूस हवा. चढावर चाक फिरायला लागलं की त्यानं जागच्या जागी उड्या मारायच्या, म्हणजे चाक जमीन धरतं.

उषा आजवर माणसाच्या जागी जोंधळ्याचं पोतं ठेवत होती. वकीलसाहेबांनी हरकत घेतली की पोतं क्लबचं सभासद होऊ शकत नाही आणि त्याला उड्याही मारता येत नाहीत. म्हणून ती त्या सकाळी माणूस शोधायला निघाली होती, आणि गटारात माणूस सापडला होता. म्हणजे गटाराशी.

तापीच्या घाटावर, सरावाच्या जागी, तिचे वडील, सुभेदार, उजवा हात गळ्यात बांधून उभे होते. ब्रह्मदेशच्या जंगलात लढाईभर मोटारी चालवलेला माणूस, आणि आता घरची जीप हँडल मारून सुरू करताना त्याचा उलटा झटका बसून मनगट मोडलेलं. म्हणून गाडी मुलीच्या हातात. मुलीला शिकवली होती त्यांनीच. त्यांनी वामनला एक चक्कर मारून बघितलं, विचारलं कुठल्या शाळेत आणि कुणाचे कोण, आणि मुलीला म्हणाले, “हे चांगलं सापडलं.” मग जरा विचार करून जोंधळ्याचं पोतंही गाडीत राहू दिलं. पुढे उषा, मागे मास्तर आणि मधे पोतं. चार लोकांत कुणी काही म्हणू नये म्हणून.

आणि मग वामननं ते बघितलं.

तापीवर धुकं होतं. नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. उत्तरेला, धुक्याच्या वर, असीरगड होता. खालचा डोंगर नाहीच, फक्त वरचा गड, कुणीतरी आभाळात ठेवून विसरल्यासारखा. वामन जन्मापासून बऱ्हाणपुरात होता आणि असीरगड रोज दिसतो म्हणून त्यानं तो कधी बघितलाच नव्हता.

“धरून बसा,” उषा म्हणाली.

समोर वाळूची उभी दरड होती. तिनं पायाशी असलेल्या तीन दांड्यांपैकी आखूड दांडी ओढली. इंजिनाचा आवाज जाड झाला आणि गाडी... हळू झाली. इतकी हळू की वामनला वाटलं बंद पडली. पण नाही. जीप एकेक वीत वाळू चावत वर निघाली होती. नाक आभाळाकडे. मग दरड दिसेनाशी झाली, नदी दिसेनाशी झाली, समोर फक्त निळं आभाळ आणि त्यात तिचा मफलर.

“मास्तर, आता.”

वामन उसळला. अख्ख्या आयुष्यात त्यानं आपलं वजन लपवलं होतं. कोपऱ्यात उभं राहून, पोट आत ओढून, बाकाच्या कडेला बसून. आता तो ते सगळं वर उचलत होता आणि चाकावर आपटत होता, आणि प्रत्येक आपटण्याला ती डोंगराएवढी दरड बोटभर खाली जात होती. वर पोचले तेव्हा उन्हं आली होती. खाली धुकं फाटत होतं आणि त्या फटींतून तापी चमकत होती, नुकतीच घडवल्यासारखी.

वामननं पत्र्याची कड दोन्ही हातांनी धरली होती, ती सोडेना.

“काय झालं?” तिनं विचारलं. “लागलं कुठं?”

“नाही. इतकं हळू... आणि तरी थांबलं नाही.”

ती हसली. “लो गिअर आहे. म्हशीपेक्षा हळू चालते, पण भिंतीवर चढेल. लोकांना वाटतं जोर म्हणजे जोरात जाणं.”

हे वाक्य वामनला कुठंतरी लिहून ठेवावंसं वाटलं. त्याऐवजी त्यानं खिशातला दराबा पुढं केला. उड्यांनी त्याचं पीठ झालं होतं. तिनं चिमूटभर उचलून तोंडात टाकला, आणि कोटाच्या बाहीला तूप पुसलं. वामनला तीही गोष्ट असीरगडाच्या बरोबरीची वाटली.

एक अडचण होती. तिला हाक काय मारायची? बऱ्हाणपुरात परक्या मुलीला ताई म्हणणं सगळ्यात सोपं आणि सुरक्षित. पण ते त्याच्या घशात अडकलं. बाई म्हणावं तर शाळेतल्यासारखं. नुसतं नाव तर शक्यच नाही. मग तो दिवसभर “ते... हे...” अशी सुरुवात करत राहिला.

“माझं नाव ते-हे नाही,” दुपारी भाकरी खाताना ती म्हणाली. “दोनच तर अक्षरं आहेत, मास्तर. तुमची गणितं याहून लांब असतात.”

वामननं भरिताकडे बघून मान हलवली.

त्या जेवणातच तिनं सांगितलं. गाडी सोमवारी जाणार होती. देडतलाईचा एक केळीवाला ती घ्यायला तयार बसला होता. आईचं म्हणणं, मोटार हाकणारी पोरगी कोण करणार? दोन ठिकाणांहून नकार आलाच होता. वडिलांनी आईशी भांडून शेवटी एवढंच मिळवलं होतं, की उषा उद्याच्या स्पर्धेत पहिली आली तर गाडी राहील. पहिलं आलेल्या पोरीचं लोक कौतुक तरी करतात. नाहीतर नुसतं हसतात.

“तुम्हालाही नकार आलेत म्हणे,” ती म्हणाली. “बाबांनी चौकशी केली.”

“तीन.”

“का?”

“जड म्हणून.”

उषानं भाकरीचा तुकडा मोडला. “आणि मला हलकी म्हणून,” ती म्हणाली. “बघा, काय जोडी जमलीये गाडीला.”

गाडीला, ती म्हणाली होती. वामन घरी जाऊन गाडी हा शब्द काढून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. आत्यानं विचारलं दराबा कुठाय, तर तो म्हणाला, वर. असीरगडाच्या तिकडं.

*

रविवारची खरी स्पर्धा डोईफोडियाला होती. जंगलाच्या कडेचा नाला, मग दगडांचा चढ, मग खालचा ओढा, आणि शेवटचं दार, म्हणजे शेवटचे दोन खांब, गावाच्या वेशीशी. तिथं निशाण घेऊन सुभेदार उभे राहणार, कारण ते फौजेतले, खोटं बोलणार नाहीत.

खांब रोवायचं काम वकीलसाहेबांनी गावातल्या देवरामवर सोपवलं होतं. खांब कसले, हे सांगायचं राहिलं. बांबू आणायचा तर जंगलात जावं लागणार. केळी तर बांधावर उभी. देवरामनं विचार केला, शहरातली मोठी माणसं येणार, उघडे खांब बरे दिसणार नाहीत. त्यानं प्रत्येक ठिकाणी दोन-दोन केळी गाभ्यासकट रोवल्या, पानं वर जुळवली, आणि आंब्याच्या पानांचं तोरणही बांधलं. लग्नाला बांधतात तसं.

वकीलसाहेबांनी सकाळी ते बघितलं तेव्हा त्यांना ते विलायती मासिकातल्यापेक्षा देखणं वाटलं. एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. गावच्या म्हशींनाही ते देखणं वाटलं होतं.

पहिली गाडी वकीलसाहेबांची. नाल्यात उतरताना ते उभे राहून मागच्यांना नियम समजावून सांगत होते. समजावणं संपलं तेव्हा गाडी रेतीत बुडाली होती आणि ते गुडघाभर पाण्यात उभे होते. चाक थांबलं, अध्यक्ष बाद. त्यांनी स्वतःच स्वतःला बाद केलं आणि त्याचा त्यांना फार अभिमान वाटला.

दुसरी गाडी गोटूची. गोटू ठेकेदाराचा मुलगा, हॉर्न वाजवण्यात त्याचा हात कुणी धरणारा नव्हता. दगडांचा चढ त्यानं बरा काढला. पण ओढ्याच्या अलीकडचं दार जागेवर नव्हतं. ते दोन म्हशींच्या तोंडात होतं. एकीच्या तोंडात डावा खांब, दुसरीच्या तोंडात उजवा, मधे तोरण लोंबतंय, आणि दोघी रवंथ करत निवांत चाललेल्या. गोटूला नियम पाठ होता. दोन खांबांच्या मधून जायचं. तो हॉर्न वाजवत दाराच्या मागे निघाला. दार पुढं, गोटू मागं. म्हशी उतरल्या डोहात, कारण त्यांची अंघोळीची वेळ झाली होती. गोटूही उतरला. पाण्याखालूनही थोडा वेळ हॉर्न ऐकू येत होता.

बाकीच्या दोन गाड्या गोटूला बघायला थांबल्या. थांबल्या म्हणून बाद.

राहिली उषा.

वामननं पहाटेपर्यंत उड्यांचा सराव केला होता, आत्याच्या पलंगाची एक पाटी त्यात गेली होती. पण चढ लागला आणि त्याला कळलं की आज उड्या मोजायच्याच नाहीत. तिचा डावा खांदा किंचित वर गेला की आता. खांदा खाली आला की बस. दोघांत एक शब्द नाही. गाडी त्या दगडांवरून अशी चढत होती, जशी एखादी मुंगी झाडावर चढते, घाई नाही, भीती नाही. एका ठिकाणी पुढचं चाक हवेत गेलं. खाली दरी, वर सातपुड्याचं सागाचं रान, पानगळीनं उजेड पडलेलं. वामनला एकदम वाटलं, आपण पडणार नाही. का वाटलं, ते गणितात बसत नव्हतं. पुढे ती होती, एवढंच.

ओढ्याशी दार नव्हतंच, तेव्हा ती पाण्यातून सरळ पार झाली. आणि मग शेवटचं दार दिसलं.

ते एकटंच शाबूत होतं. कारण त्याची राखण चालली होती. वेशीत केळीचं दार उभं, तोरण बांधलेलं, आणि लांबून धुरळा उडवत मोटार येते आहे, तर गावातल्या बायांनी काय समजायचं? त्यांनी म्हशी हाकलल्या होत्या, सडा घातला होता, आणि लुगडी बदलून दारात दोन रांगा करून उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढं धुरपदाबाई, हातात आरतीचं तबक.

“अगं बाई,” उषा म्हणाली. “या बाजूला होणार नाहीत.”

तिचा पाय ब्रेककडे गेला आणि तिथंच थबकला. थांबलं की बाद. बाद की सोमवार. दारापलीकडे सुभेदार निशाण धरून उभे होते आणि त्यांच्या तोंडाचा आ झाला होता.

उषानं आखूड दांडी ओढली.

जीप म्हशीपेक्षा हळू झाली. धुरपदाबाई समोर आली, बघितलं की गाडी थांबत नाही, तर पदर खोचून बाजूनं चालायला लागली. चालता चालता तिनं चाकावर पाणी ओतलं. चालता चालता उषाला कुंकू लावलं. मग मागे आली आणि वामनच्या कपाळाला चांगलं बोटभर लावलं.

“अहो, मी नवरदेव नाही,” वामन कासावीस होऊन म्हणाला. “मी वजन आहे.”

“नवरा म्हंजे अजून काय असते, बाप्पा?” धुरपदाबाई म्हणाली, आणि बायांत हसू फुटलं. “घ्या आता, नाव घ्या. केळीच्या दारातून बिगर नावाचं कोनी आत जात नाही आमच्या गावात.”

दारात बायांनी हात धरून साखळी केली होती. जीप चालत होती. साखळी आणि जीप यांच्या मधलं अंतर एकेक वीत कमी होत होतं.

“मास्तर,” उषा पुढंच बघत हळूच म्हणाली. “काहीतरी म्हणा. नाहीतर मला थांबवावी लागेल.”

दोन दिवस जे नाव त्याला घशातून काढता आलं नव्हतं, ते आता सगळ्या गावासमोर, यमकात बसवून म्हणायचं होतं. वामननं डोळे मिटले. त्याला धुक्यावरचा गड दिसला. तुपाची बाही दिसली.

“तापीच्या वाळूत...” तो म्हणाला. बाया गप्प झाल्या. “तापीच्या वाळूत रुतलं माझं मन... अन् उषाच्या... उषाच्या जीपमधी मी तीन मण वजन.”

असा गलका उठला की केळीची पानं हलली. साखळीतला एक हात सुटला, पण दुसरा तसाच.

“आता नवरी. नवरीनं घ्या लागते.”

वामनला तिचा चेहरा दिसत नव्हता. नुसता मफलर दिसत होता, आणि मफलरमधून बाहेर आलेला एक कान, लाल झालेला. इंजिन घुमत होतं. बंपर साखळीतल्या बायांच्या लुगड्यांना लागायच्या बेतात होता.

“लो गिअर टाकला,” उषा म्हणाली, “चाक थांबू दिलं नाही...” आणि तिनं एकच श्वास घेतला. “वामनरावांना उतरवायचं माझ्या मनात नाही.”

हात सुटले. तांदूळ उडाले. जीप त्या दारातून, हिरव्या पानांखालून, तिच्या त्या मुंगीच्या चालीनं आत गेली, आणि सुभेदार निशाण खाली करायचं विसरून सलाम ठोकून उभे राहिले. डाव्या हातानं, निशाणासकट.

*

वाद झालाच. चिखलानं लडबडलेल्या अध्यक्षांनी हरकत काढली की शेवटच्या दारात मागच्या माणसानं उडी मारलेली नाही, तो कविता म्हणत होता. तेव्हा डोहातून नुकताच काढलेला, अंगावर शेवाळ असलेला गोटू साक्षीला उभा राहिला. त्यानं पलीकडच्या काठावरून सगळं बघितलं होतं. तो म्हणाला, बाईनं मास्तरांचं नाव घेतलं तेव्हा मास्तर आपोआप हातभर उसळले. चाकानं त्यामुळंच दारात जमीन धरली. हे सगळ्यांना पटलं. उषा पहिली आली, गाडी राहिली. सुभेदारांनी मुलीच्या कपाळाकडे बघितलं, मास्तरच्या कपाळाकडे बघितलं, आणि आपण गोटूची जीप काढायला मदत करतो म्हणाले. एका हातानं ते काय मदत करणार होते, ते कुणी विचारलं नाही.

टेकाडावर जीप तशीच सुरू होती. सूर्य सागाच्या रानाआड चालला होता. खालून दोरखंड ओढणाऱ्यांचे आवाज येत होते, आणि मधूनच हॉर्नचा एक पाणीदार हुंकार.

वामन मागे पत्र्यावर बसून होता. केसांत तांदूळ. त्याला विचारायचं होतं, ते खरं होतं की चाकासाठी? पण विचारावं कसं?

उषानं किल्ली फिरवली. सकाळपासून पहिल्यांदा इंजिन गप्प झालं.

इतकी शांतता वामननं कधी ऐकली नव्हती. पान पडलेलं ऐकू येत होतं.

“आता चाक थांबलंय,” ती मागे न बघता म्हणाली. “कुणी वाट अडवलेली नाही. काही बाद होत नाही. आता म्हणायचं असेल तर म्हणा. नसेल तर नका म्हणू.”

वामन उभा राहिला. उभं राहिल्याशिवाय जमणार नाही असं त्याला वाटलं.

“उषा,” तो म्हणाला. यमक नाही, काही नाही. “मला या गाडीतून उतरायचं नाही. ही थांबली तरी. बंद पडली तरी. केळीवाल्यानं नेली असती तरी मी... मी केळीबरोबर गेलो असतो.”

तिचा खांदा किंचित वर गेला. डावा.

“उतरा,” ती म्हणाली.

वामनचं काळीज पोटात गेलं, आणि तिथं त्याला भरपूर जागा होती.

“उतरा ना, मास्तर. हँडल कोण मारणार?” तिनं सीटखालचं लोखंडी हँडल काढून मागे धरलं होतं, आणि आता ती वळून बघत होती, आणि हसत होती, कुंकू कपाळभर पसरलेलं. “अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. बाबांनी ठेवला नव्हता. मला तो हात लागणार आहे.”

वामन उतरला. ज्या हँडलनं ब्रह्मदेश गाजवलेला माणूस मोडला होता, ते त्यानं पुढं बसवलं, अंगठा सांभाळला, आणि तीन मण वजन त्यावर टाकलं. जीप पहिल्याच फेऱ्यात जागी झाली.

तो धावत मागे आला, आपल्या पत्र्याकडे. तर उषानं बाजूच्या सीटवरचा सामानाचा पसारा उचलून मागे, जोंधळ्याच्या पोत्यावर टाकला होता.

“अहो,” ती म्हणाली, “जरा पुढे बसता का?”

वामन बसला. जीप त्याच्या बाजूला चांगलीच कलली. आणि तशीच कललेली, म्हशीपेक्षा हळू, केळीच्या दारातून परत बऱ्हाणपूरला निघाली. खरं तर तो लो गिअरचा रस्ता नव्हता.